मागचा पगार कसा मिळवायचा: चटई कारखान्यातल्या एका ऑपरेटरचा अनुभव

जळगाव एमआयडीसीतल्या एका चटई कारखान्यात मी एक्स्ट्रूडरवर, म्हणजे प्लास्टिक वितळवून काढणाऱ्या यंत्रावर, ऑपरेटर होतो. 30 ऑगस्ट 2011 ला फर्स्ट शिफ्टला गेलो तेव्हा वॉचमनने कार्ड पंच करू दिलं नाही, हातात पाकीट दिलं. आत बडतर्फीचं पत्र. पोळा नुकताच झाला होता, दारावरचं तोरण अजून हिरवं होतं. त्याच गेटातून मी परत आत गेलो तो सप्टेंबर 2018 मध्ये. मधे 84 महिने गेले. त्या 84 महिन्यांच्या पगारासाठी काय काय करावं लागलं ते इथे लिहितोय, कारण धुळ्याहून, भुसावळहून, चाळीसगावहून माणसं हाच प्रश्न घेऊन घरी येतात आणि बहुतेक जण उशिरा येतात. केस जिंकल्यावर पैशाचं बघू, असं त्यांच्या डोक्यात असतं. खरं म्हणजे मागच्या पगाराची तयारी पत्र हातात पडतं त्याच दिवशी सुरू करावी लागते.

आधी मुदतीचं, कारण मी तिथेच चुकलो. महाराष्ट्रात कामगाराला दोन वाटा आहेत. पहिली वाट 1971 च्या कायद्याची, ज्याला कोर्टात सगळे यूएलपी म्हणतात, म्हणजे अनुचित कामगार प्रथेची तक्रार. ती 90 दिवसांत थेट कामगार न्यायालयात करायची. उशीर झाला तर सबळ कारण देऊन माफी मागता येते, पण त्या माफीवरच महिनोन् महिने जातात. मला मॅनेजर दर आठवड्याला सांगायचे, "बोलणं चालू आहे, दिवाळी होऊ दे." दिवाळी झाली, तुळशीचं लग्नही लागलं. 28 नोव्हेंबरला 90 दिवस संपले तेव्हा अशी काही मुदत असते हेच मला माहीत नव्हतं. युनियनच्या आबांकडे गेलो तर ते कपाळाला हात लावून म्हणाले, "काय करू राहिला रे भो इतके दिवस?"

मग दुसरी वाट धरली. सहाय्यक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज, तिथे समेटाच्या बैठका. 2010 च्या दुरुस्तीपासून एक सोय झाली होती: अर्ज दिल्यावर 45 दिवसांत समेट झाला नाही तर सरकारने प्रकरण पाठवायची वाट न बघता कामगार स्वतः न्यायालयात जाऊ शकतो. माझ्या वेळी त्याला तीन वर्षांची मुदत होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून 1947 चा औद्योगिक विवाद कायदा जाऊन औद्योगिक संबंध संहिता, 2020 लागू झाली आणि तीनाची दोन वर्षं झाली. कलमांचे आकडेही बदलले. खाली मी जी कलमं सांगतो ती माझ्या केसच्या वेळची, जुन्या कायद्यातली आहेत. आज अर्ज लिहिताना वकिलाकडून नवी कलमं घालून घ्या. आणि शाळेतल्या शिक्षक-शिपायांनी तर जास्तच सावध राहावं. त्यांना शाळा न्यायाधिकरणाकडे जायचं असतं आणि तिथे मुदत फक्त 30 दिवसांची आहे.

वकिलाच्या फीमुळे कोणी थांबू नये. औद्योगिक कामगाराला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, तो कायद्याने दिलेला हक्क आहे. युनियनचा पदाधिकारीसुद्धा कामगाराची बाजू मांडू शकतो. माझं निम्मं काम आबांनीच केलं.

ते एक वाक्य

माझ्याच कारखान्यातला लूमवरचा एक जण माझ्याआधी केस जिंकला. कामावर घ्या, असा निवाडा झाला. मागचा पगार शून्य. कारण काय, तर त्याच्या मागणीपत्रकात, ज्याला स्टेटमेंट ऑफ क्लेम म्हणतात, त्यात आणि साक्षीत तो बेकार होता असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. माणूस चार वर्षं उपाशीतापाशी राहिला आणि कागदावर ते आलंच नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये हिंदुस्तान टिन वर्क्सच्या निकालात सांगितलं की बडतर्फी बेकायदा ठरली की पूर्ण मागचा पगार हा सर्वसाधारण नियम. पुढे काही निकालांत हे सैल झालं. मग 2013 मध्ये औरंगाबादच्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात, सुरवसे विरुद्ध क्रांती ज्युनियर अध्यापक महाविद्यालय, न्यायालयाने नियम पुन्हा घट्ट केला. उच्च न्यायालयाने काढून घेतलेला त्या बाईंचा पगार परत दिला आणि क्रमही सांगून ठेवला. कामगाराने आधी म्हणायचं की मी बेकार होतो किंवा फार कमी पैशावर काम करत होतो. तसं म्हटलं की उलट सिद्ध करायची जबाबदारी मालकाची. कामगाराने म्हटलंच नाही तर मालकावर काहीच येत नाही.

म्हणून अर्जात, साक्षीच्या प्रतिज्ञापत्रात, दोन्हीकडे हे लिहा. माझ्या कागदावर असं होतं: "बडतर्फीच्या तारखेपासून आजपर्यंत मला कायम व फायदेशीर नोकरी मिळालेली नाही. मी प्रयत्न करूनही काम मिळालेले नाही. कुटुंबाच्या उदरनिर्वाहासाठी मी अधूनमधून हंगामी मजुरी करतो." शेवटचं वाक्य घालायला आमचे वकील तयार नव्हते. मजुरी कबूल केली की पगार कापतील, असं त्यांचं म्हणणं. मी अडून बसलो. शपथेवर खोटं बोलायचं नव्हतं हे एक, आणि सावद्याला अख्ख्या बाजारासमोर ट्रक भरणारा माणूस 'मी काहीच करत नव्हतो' असं किती दिवस म्हणणार?

त्याचबरोबर काम शोधल्याचा पुरावा ठेवा. मी दहा-बारा कारखान्यांत अर्ज दिले, प्रत्येकाच्या दुसऱ्या प्रतीवर गेटचा शिक्का मागितला. चार ठिकाणी शिक्का मिळाला, बाकीच्यांना रजिस्टर पोस्टाने पाठवले आणि पावत्या ठेवल्या.

वही

मुलीच्या शाळेची एक शंभर पानी वही उरली होती. त्यात मी रोज लिहायचो. रावेर-सावद्याकडे केळीची कापणी असली की घड वाहायला जायचो. तारीख, कोणाच्या मळ्यात, किती रुपये. काम नसेल त्या दिवशी नुसती आडवी रेघ. पावसाळ्यात पानंच्या पानं रेघांची आहेत. कुठे पाणी पडून शाई पसरली आहे, एका पानावर केळीच्या चिकाचा काळा डाग आहे. 63 महिन्यांची बेरीज झाली 1,38,600 रुपये.

उलटतपासणीत कंपनीच्या वकिलांनी एक फोटो काढला. मी ट्रकवर घड चढवतोय. "हे तुम्हीच ना?" मी म्हटलं, हो. "म्हणजे तुम्ही कमावत होतात." मी म्हटलं, हो साहेब, त्या दिवशीचे पैसेही लिहिलेत, आणि वही पुढे केली. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या मिसेस बिबडे, पापड विकतात ना?" विकायची. उन्हाळ्यात पहाटे उठून ज्वारीचा घाटा शिजवायची, धाब्यावर जुनी लुगडी पसरून बिबडे घालायची आणि जळगावच्या दोन दुकानांना द्यायची. तिची कमाई तिची होती, ती माझी नोकरी होत नाही, हे आबांनी लगेच उठून सांगितलं. आबांनी 1984 चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकालही दाखवला. त्यातला माणूस बडतर्फीच्या काळात सासऱ्याच्या कोळशाच्या वखारीत मदत करून दिवस काढत होता. तग धरण्यासाठी केलेली असली धडपड म्हणजे फायदेशीर नोकरी नव्हे, असं न्यायालयाने तिथे म्हटलं आहे.

न्यायाधीशांनी वही हातात घेऊन बराच वेळ पानं उलटली. निवाड्यात सेवासातत्यासह, म्हणजे मधे नोकरी तुटलीच नाही असं धरून, पुन्हा कामावर आणि 75 टक्के मागचा पगार दिला. हंगामी मजुरी धरून एक चतुर्थांश कमी केला. लपवलं असतं आणि तो फोटो बाहेर आला असता, तर माझ्या बाकीच्या शब्दावरही कोणी विश्वास ठेवला नसता.

तुम्हीही वही घाला. मोबाइलमध्ये नको, कागदावर, रोजच्या रोज. एकाच पेनाने एका बैठकीत लिहिलेली वही ओळखू येते.

काय मागायचं, शब्दांत

शेवटच्या परिच्छेदात आपण काय मागतो ते पूर्ण लिहा: बडतर्फीचा आदेश रद्द, मूळ जागी पुन्हा कामावर, सेवासातत्य, पूर्ण मागचा पगार, त्यात वार्षिक वेतनवाढी, विशेष भत्त्यातली वाढ, मधल्या काळात झालेल्या करारांची वाढ, बोनस, प्रॉव्हिडंट फंड, आणि उशीर झाल्यास व्याज. 'सेवासातत्य' या एका शब्दात सगळं आपोआप येतं असं समजू नका. आंध्र प्रदेशच्या एसटी महामंडळाच्या प्रकरणात 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की नुसतं सेवासातत्य दिलं म्हणून गैरहजर काळातल्या वेतनवाढी मिळतीलच असं नाही, तसा आदेश असावा लागतो. आणि नंतरचं वसुलीचं कोर्ट फक्त हिशोब करतं, नवा हक्क देत नाही. निवाड्यात नसेल ते तिथे मागता येत नाही.

मधल्या काळात कंपनीने खात्यात अचानक पैसे टाकले, 'फुल अँड फायनल' म्हणून, तर त्याच आठवड्यात रजिस्टर पोस्टाने कळवा की ही रक्कम हक्क राखून, हिशोबातली उचल म्हणून धरली आहे. कोऱ्या किंवा छापील पावतीवर सही करू नका.

निवाडा लागल्यावर गप्प बसू नका

माझा निवाडा लागू झाला 1 डिसेंबर 2016 पासून. त्याच सकाळी डबा घेऊन मी गेटवर गेलो. आत घेणार नाहीत हे माहीत होतं. गेटवरून परत फिरलो आणि पोस्टात जाऊन पत्र टाकलं: "निवाड्यानुसार मी आज सकाळी 7 वाजता कामावर हजर झालो, मला आत घेतले नाही, मी केव्हाही हजर होण्यास तयार आहे." पावती आणि पोच पावती जपून ठेवली. पुढे दर दोन महिन्यांनी तेच पत्र. हे का, ते हिशोबात कळेल.

कंपनी औरंगाबाद खंडपीठात गेली, जळगाव-धुळे-नंदुरबारची प्रकरणं तिथेच जातात. मी पहाटेच्या एसटीने पहूर, फर्दापूर, अजिंठ्याचा घाट, सिल्लोड असा किती वेळा गेलो ते मोजलं नाही. तिथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, स्थगिती देताना कंपनीने मागच्या पगाराचा काही भाग कोर्टात भरावा अशी अट घालायला वकिलाला सांगा. दुसरी त्याहून महत्त्वाची, जुन्या कायद्याचं कलम 17 ब. कंपनी पुन्हा कामावर घेण्याच्या निवाड्याविरुद्ध वर गेली की केस चालू असेपर्यंत तिने कामगाराला शेवटचा पूर्ण पगार दर महिन्याला द्यायचा. त्यासाठी आपण कुठेही नोकरीला नाही असं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. ते कोणी आपणहून मागत नाही, आपणच द्यायचं. मला हे सात महिने उशिरा कळलं. मग महिन्याला 6,900 प्रमाणे 14 महिने मिळाले, एकूण 96,600. त्या पैशावर मुलीचं बारावीचं वर्ष निघालं.

रुजू होण्याचा दिवस

उच्च न्यायालयात कंपनी हरली आणि 1 सप्टेंबर 2018 ला मला बोलावणं आलं. टाइम ऑफिसमध्ये टेबलावर एक कागद ठेवला होता. वर लिहिलेलं, 'नियुक्तीपत्र'. खाली सहा महिने प्रोबेशन. सात वर्षांनी कामावर जाणारा माणूस त्या क्षणी काहीही सही करतो, माझाही हात पेनाकडे गेला होता. त्या कागदावर सही म्हणजे मी आज नव्याने लागलो, अशी कबुली. जुनी अकरा वर्षं गेली, ग्रॅच्युइटी गेली, मागच्या पगारावरही वाद.

मी सहीच्या वर लिहिलं: "निवाड्यानुसार सेवासातत्यासह मूळ पदावर रुजू. नव्या नेमणुकीच्या अटी अमान्य. सर्व हक्क राखून." साहेबांनी कागद ओढून घेतला, हे चालणार नाही म्हणाले. मी गेटबाहेर कडुलिंबाखाली बसलो, तिथूनच वकिलांना फोन केला. वकिलांनी नोटीस पाठवली. तिसऱ्या दिवशी दोन ओळींचा नवा कागद आला, त्यात निवाड्याचा क्रमांक होता. त्यावर सही केली आणि पहिली झेरॉक्स घेतली.

हिशोब

इथे निवांत बसा, कारण इथेच सगळ्यात जास्त पैसे जातात. कंपनीने तक्ता दिला तो असा: 84 महिने, प्रत्येकी 6,900, त्याचे 75 टक्के, 4,34,700. त्यातून आधी दिलेले 96,600 वजा, उरले 3,38,100. मग माझ्या वहीतले 1,38,600 वजा. हातात 1,99,500.

यात तीन चुका होत्या. वहीतली मजुरी न्यायालयाने 75 टक्के ठरवतानाच धरली होती, ती दुसऱ्यांदा कापता येत नाही. दुसरी चूक टक्क्यांची. 75 टक्के हे बडतर्फीपासून निवाड्यापर्यंतचे. निवाड्यानंतर मी कामावर हजर व्हायला तयार होतो, कंपनीने घेतलं नाही, म्हणून तिथून पुढे पूर्ण पगार. यासाठीच ती गेटवरची पत्रं. म्हणजे सप्टेंबर 2011 ते नोव्हेंबर 2016 हे 63 महिने, 4,34,700 चे 75 टक्के, 3,26,025. डिसेंबर 2016 ते ऑगस्ट 2018 हे 21 महिने, पूर्ण, 1,44,900. बेरीज 4,70,925.

तिसरी चूक, शेवटचा पगार सात वर्षं गोठवला होता. एप्रिल 2014 च्या करारात आमच्या श्रेणीला 1,200 रुपये वाढ झाली होती. माझ्याबरोबर लागलेल्या एका ऑपरेटरने आपल्या पगाराच्या स्लिपा मला दिल्या, त्याचे उपकार मी विसरणार नाही. 32 महिन्यांचे 38,400, त्याचे 75 टक्के 28,800. पुढच्या 21 महिन्यांचे 25,200. एकूण 54,000. सगळं मिळून 5,24,925, वजा 96,600, निव्वळ 4,28,325. कंपनी देत होती त्याच्या दुपटीहून जास्त.

तुमचा पगार किमान वेतनाच्या आसपास असेल तर आणखी एक बघा. महाराष्ट्रात विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत, बदलतो. तक्ता सहा-सहा महिन्यांच्या ओळींत करा, म्हणजे कुठली वाढ सुटत नाही.

कंपनीने माझा तक्ता मानला नाही. मग कलम 33 क (2) खाली कामगार न्यायालयात हिशोबाचा अर्ज केला, स्लिपा, करार, पोच पावत्या जोडल्या, रक्कम मंजूर झाली. तरी पैसे येईनात, तेव्हा वसुली दाखल्यासाठी अर्ज. तो दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. कागद कलेक्टर कचेरीतून तहसीलला, तहसीलमधून मंडळ अधिकाऱ्याकडे जातो आणि प्रत्येक टेबलावर थांबतो. जावक क्रमांक लिहून घ्या, पुढच्या टेबलावर तोच क्रमांक सांगा. नुसत्या नावाने कोणी फाइल शोधत नाही. जप्तीची नोटीस कारखान्यात गेली आणि महिन्याच्या आत चेक निघाला.

एकरकमी पैसे आले की त्या एका वर्षाचं उत्पन्न फुगतं आणि कर कापला जातो. माझ्या वेळी प्राप्तिकराच्या कलम 89 खाली सवलत होती. रक्कम ज्या त्या वर्षात वाटून कर काढायचा, आणि माझा त्या वर्षांतला कर शून्य निघाला. त्यासाठी रिटर्न भरण्याआधी फॉर्म 10ई ऑनलाइन भरावा लागला. म्हणून कंपनीकडून वर्षवार तोडलेला तक्ता सही-शिक्क्यानिशी मागून घ्या, नुसता एकूण आकडा घेऊन येऊ नका.

राहिला प्रॉव्हिडंट फंड. मागचा पगार हा पगारच, त्यावर दोन्ही बाजूंचे 12-12 टक्के भरले गेले पाहिजेत. मालकाच्या वाट्यातला काही भाग पेन्शनला जातो, आणि पेन्शनला निदान दहा वर्षांची सेवा लागते. मधली वर्षं नोंदली नाहीत तर ज्याची सेवा आठ-नऊ वर्षांची आहे त्याची पेन्शनच जाते. माझ्याबरोबरच्या एकाचं असं होत होतं, भविष्य निधी कार्यालयात निवाड्याची प्रत देऊन तक्रार केली तेव्हा कंपनीने भरलं. चेक वटला म्हणून फाइल बांधून ठेवू नका. पासबुक उघडा आणि महिन्यांच्या ओळी एक-एक करून मोजा. माझ्या पासबुकात 84 ऐवजी 79 ओळी आल्या होत्या, उरलेल्या पाचांसाठी आणखी दोन अर्ज करावे लागले.